विशेष चिन्हे गाळताना : पर्ल आणि मराठी मजकूर

लालबाग आणि हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानक यांच्या दरम्यान वसलेल्या वस्तीचे नाव काळाचौकी. मराठी वाचकाच्या दृष्टीने या नावात चार अक्षरे आहेत : का, ळा, चौ, की. संगणकाच्या दृष्टीने मात्र त्यात आठ चिन्हे आहेत, कारण क, ळ, च, क ही चार व्यंजने आणि काना, काना, औकाराची मात्रा व दीर्घ वेलांटी ही चार स्वरचिन्हे तो वेगवेगळी मोजतो. हेच नाव आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवले, तर ते २४ बाइट जागा घेते. चार, आठ आणि चोवीस या तीन आकड्यांतील फरक ज्याने ध्यानात घेतला नाही, त्याने लिहिलेली आज्ञावली मराठी मजकूर स्वच्छ करायला निघते आणि तो नासवून ठेवते.

गृहनिर्माण संस्थेची सभासदयादी, वाचनालयाची ग्रंथसूची, मंडळाची वर्गणीदारांची नोंद किंवा वृत्तपत्राचे जुने अंक असा कोणताही मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना त्यातील ‘विशेष चिन्हे’ काढून टाकण्याची पायरी येतेच. स्वल्पविराम, कंस, अवतरणचिन्हे, नकोशा मोकळ्या जागा गाळल्या की यादी शोधायला व जुळवायला सोपी जाते. हे काम करणाऱ्या छोट्या आज्ञावलीला गाळणी म्हणू. इंग्रजी मजकुरासाठी तयार झालेली गाळणी मराठीला जशीच्या तशी लावली तर काय होते आणि ती कशी दुरुस्त करावी, याची माहिती या लेखात दिली आहे. आज्ञावलीतील रोमन खुणा येथे उच्चारानुसार लिहिल्या आहेत.

पर्लची पार्श्वभूमी

पर्ल ही संगणकभाषा लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. वॉल यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला होता आणि मजकुरातून हवे ते शोधणे, नको ते वगळणे, उरलेले नव्या रूपात मांडणे हा या भाषेचा मूळ हेतू होता. संकेतस्थळांच्या सुरुवातीच्या काळात अर्ज भरून घेणाऱ्या पानांमागे बहुधा पर्लचीच आज्ञावली असे. आज नव्या कामांसाठी पायथॉनसारख्या भाषा अधिक वापरल्या जातात; तरीही मोठ्या मजकुरावर झटपट संस्कार करण्यासाठी पर्लचा उपयोग चालूच आहे. शिवाय तिच्यातील शोधसाच्यांची, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनची पद्धत इतर अनेक भाषांनी उचलली आहे. त्यामुळे पुढे सांगितलेल्या अडचणी थोड्याफार फरकाने त्या भाषांतही येतात.

जगातील सर्व लिप्यांना एकाच क्रमावलीत बसवणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ मध्ये आली. तिच्यातील देवनागरीचा विभाग भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेतप्रणालीवर बेतलेला असून त्याला १२८ जागा मिळाल्या आहेत. पर्लच्या ५.६ आवृत्तीत, म्हणजे २००० साली, युनिकोडची सोय सुरू झाली. परंतु भरवशाने काम करता येईल अशी व्यवस्था जुलै २००२ मधील ५.८ आवृत्तीपासून मिळाली. त्याआधीच्या किंवा त्या वळणाने पुढे लिहिल्या गेलेल्या गाळण्या देवनागरीला अक्षर म्हणून ओळखतच नाहीत.

पहिली पायरी : बाइटांचे चिन्हांत रूपांतर

फाइलमधून वाचलेला मजकूर पर्लच्या हाती येतो तेव्हा तो केवळ बाइटांची माळ असतो. ‘काळाचौकी’ची लांबी विचारली तर उत्तर २४ येते. या माळेवर ‘अक्षर, अंक व मोकळी जागा सोडून सारे काढा’ असा नेहमीचा साचा चालवला, तर त्या २४ बाइटांपैकी एकही पर्लला अक्षर वाटत नाही आणि संपूर्ण नाव नाहीसे होते. पत्त्याच्या रकान्यात फक्त इंग्रजी अंक शिल्लक राहिलेले दिसले, तर हा प्रकार घडला असे समजावे.

यावर उपाय असा की, मजकूर आत घेतानाच एन्कोड या पर्लसोबत येणाऱ्या मोड्यूलच्या साहाय्याने तो यूटीएफ-८ मधून उलगडून घ्यावा आणि बाहेर पाठवताना पुन्हा त्याच रूपात बांधावा. आज्ञावलीतच देवनागरी अक्षरे लिहिली असतील, तर आरंभी ‘यूज यूटीएफ-८’ ही सूचना हवी. हे केल्यावर नावाची लांबी ८ भरते. छापताना ‘वाइड कॅरेक्टर इन प्रिंट’ असा इशारा पडद्यावर आला, तर बाहेरची बांधणी राहून गेली आहे. दोनदा बांधणी झाली, तर मराठीऐवजी युरोपीय स्वरचिन्हांची अगम्य रांग दिसते.

संकेतस्थळावरून उतरवलेल्या मजकुरात आणखी एक सापळा असतो. तेथे ‘क’ हे अक्षर कधी कधी ॲम्परसँड, हॅश, २३२५ हा क्रमांक आणि अर्धविराम अशा स्वरूपात येते. चिन्हे गाळणारी आज्ञावली आधी चालवली, तर अक्षराच्या जागी नुसता २३२५ हा आकडा उरतो. म्हणून असे क्रमांक आधी अक्षरांत बदलून घ्यावेत आणि गाळणी नंतर लावावी.

काना-मात्रांचा प्रश्न

मजकूर उलगडून झाला, तरी धोका टळत नाही. ‘ए ते झेड’ या इंग्रजी साच्याच्या धर्तीवर ‘अ ते ह’ असा साचा लिहिण्याचा मोह होतो. युनिकोडच्या क्रमावलीत अ ते ह या पट्ट्यात स्वर आणि व्यंजने आहेत. काना, वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त यांच्या जागा ह नंतर येतात आणि चंद्रबिंदू, अनुस्वार व विसर्ग अ च्या आधी. त्यामुळे या साच्यातून गाळलेले ‘काळाचौकी’ हे नाव ‘कळचक’ असे बाहेर पडते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. फ्रेंच किंवा जर्मन शब्दांवरील स्वराघाताच्या खुणा काढून साधी रोमन अक्षरे मिळवण्यासाठी पर्लमध्ये एक युक्ती फार प्रचलित आहे. अक्षरे सुटी करून ‘जागा न घेणारी खूण’ या वर्गातील, म्हणजे एमएन वर्गातील, सारी चिन्हे काढून टाकायची. देवनागरीत काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार व विसर्ग ही चिन्हे ‘जागा घेणारी खूण’ या निराळ्या वर्गात मोडतात. तर उकार, ऋकार, एकार, ऐकार, अर्धचंद्र, अनुस्वार आणि हलन्त ही एमएन वर्गात मोडतात.

याचा परिणाम परिसरातील नावांवरच पाहावा. काळाचौकी, लालबाग, परळ, शिवडी, दादर, भायखळा ही सर्व नावे या गाळणीतून सुखरूप बाहेर पडतात. चाचणी घेणाऱ्याने एवढीच नावे तपासली, तर त्याला आज्ञावली निर्दोष वाटेल. मात्र चिंचपोकळीचे ‘चिचपोकळी’, घोडपदेवचे ‘घोडपदव’, अभ्युदयनगरचे ‘अभयदयनगर’, कॉटन ग्रीनचे ‘कॉटन गरीन’ आणि खुद्द मुंबईचे ‘मबई’ होते. आडनावांची गत याहून वाईट, कारण बिघडलेले रूपही अर्थपूर्ण दिसते. मोरे यांचे ‘मोर’ होते आणि काळे यांचे ‘काळ’. अशी चूक यादी वाचणाऱ्याच्या डोळ्यांतून निसटते, आणि नाव जुळत नाही म्हणून ज्याचा अर्ज मागे पडतो त्यालाच ती प्रथम कळते.

मराठीसाठी अक्षराचा साचा लिहिताना ‘अक्षर’ आणि ‘खूण’ हे दोन्ही वर्ग पूर्णपणे घ्यावेत. पर्लमध्ये ते बॅकस्लॅश-पी या खुणेपुढे महिरपी कंसात अनुक्रमे एल आणि एम लिहून मिळतात. बॅकस्लॅश-डब्ल्यू हा नेहमीचा ‘शब्दचिन्ह’ साचा उलगडलेल्या मजकुरावर लावला, तर त्यातही दोन्ही वर्ग येतात; परंतु पर्लच्या जुन्या आवृत्त्यांत त्याच्यात एक मोठी उणीव होती.

आचारी आणि आचार्य

मराठीत र हा अर्धा होऊन पुढील व्यंजनाला मिळतो तेव्हा त्याची दोन रूपे होतात. एक रफार, उदाहरणार्थ ‘आचार्यास’, म्हणजे गुरूला. दुसरे आडवे, पापणीसारखे दिसणारे रूप, उदाहरणार्थ ‘आचाऱ्यास’, म्हणजे स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, हीदेखील अशीच जोडी. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज भासत नाही. मराठीत मात्र ‘करणाऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’ अशा शब्दांमुळे ते पानोपानी येते.

युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ, त्यानंतर हलन्त आणि मग पुढील व्यंजन असते. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यानंतर ‘शून्य रुंदीचा जोडक’ हे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह आणि मग व्यंजन असते. जोडकाचा क्रमांक २००डी. १९९६ मधील युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून दुसरा प्रकार कायम ठेवण्यात आला. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात आणि वेगवेगळ्या कळफलकांमुळे मराठी मजकुरात दोन्ही आढळतात.

न दिसणारे चिन्ह म्हणजे कचरा, असे गाळणी लिहिणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. तो ‘सीएफ’ या स्वरूपदर्शक वर्गातील सर्व चिन्हे एका फटक्यात काढतो. जोडक गेला की दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या ‘आचाऱ्यास’ या शब्दाचे ‘आचार्यास’ होते. स्वयंपाक्याला द्यावयाचे पैसे कागदोपत्री गुरूच्या नावावर जातात. कऱ्हाडे आडनावाच्या कुटुंबातील र उडून ह च्या डोक्यावर बसतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीलाही ‘आचार्यास’मध्ये काही वावगे सापडणार नाही, कारण तो शब्द शुद्धच आहे.

विशेष म्हणजे पर्लच्या बॅकस्लॅश-डब्ल्यू या साच्यातही २०१३ पर्यंत जोडकाला स्थान नव्हते. युनिकोडने आपली शब्दचिन्हाची व्याख्या सुधारल्यानंतर त्या वर्षीच्या ५.१८ आवृत्तीत जोडक आणि त्याचा भाऊ ‘शून्य रुंदीचा विजोडक’ यांचा समावेश करण्यात आला. म्हणजे एकच गाळणी जुन्या सर्व्हरवर मराठी बिघडवते आणि नव्यावर बिघडवत नाही. ‘फक्त देवनागरी लिपीतील चिन्हे ठेवा’ असा साचाही येथे कामाचा नाही. जोडक कोणत्याही एका लिपीचा नसल्याने तो त्या साच्याबाहेर पडतो.

यावर खात्रीचा उपाय आहे. अन्य काही गाळण्यापूर्वी ‘र, हलन्त, जोडक’ ही तिकडी जेथे सापडेल तेथे ‘ऱ, हलन्त’ ही जोडी ठेवावी. त्यानंतर शोधासाठीच्या प्रतीतून उरलेले जोडक काढले, तरी अर्थाला बाध येत नाही. विजोडक हा ‘वाक्‌प्रचार’, ‘षट्‌कोन’ अशा शब्दांत पायमोडे अक्षर दाखवण्यासाठी येतो. तो गेला तर रूप बदलते, अर्थ सहसा बदलत नाही. फाइलच्या आरंभी येणारे बाइटक्रमदर्शक चिन्ह आणि पीडीएफमधून नक्कल करताना चिकटणारा अदृश्य संयोगचिन्हाचा तुकडा हे मात्र खरोखरच कचरा असून ते बिनदिक्कत काढावेत.

दिसायला एक, लिहायला अनेक

मराठीत इंग्रजी शब्दांसाठी वापरला जाणारा ॲ याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ आवृत्तीत मिळाली. तोपर्यंत लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत किंवा हिंदीच्या सोयीचा ऍ वापरत. परिणामी ‘ॲम्ब्युलन्स’ हा एकच शब्द तीन प्रकारे साठवलेला सापडतो. ‘डॉक्टर’मधील ॉ हे चिन्ह काही जण काना आणि अर्धचंद्र असे दोन कळांनी उमटवतात. जुन्या फॉन्टमधून रूपांतरित केलेल्या मजकुरात ‘आ’च्या जागी अ आणि काना, ‘ओ’च्या जागी अ आणि ओकार असे जोडकाम दिसते. डोळ्यांना फरक कळत नाही. शोध घेतला की निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत.

पर्लमध्ये युनिकोड-नॉर्मलाइज हे मोड्यूल आहे. त्यातील एनएफसी ही क्रिया र आणि खालचे टिंब यांचा एकत्र ऱ करते. मात्र अ आणि अर्धचंद्र यांचा ॲ, किंवा अ आणि काना यांचा आ ती करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी त्या दोन लेखनांत समानता नाही. ही बदलयादी आपल्यालाच लिहावी लागते. ती जेमतेम दहा-बारा ओळींची असते आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने ती एकदाच करून जपून ठेवावी.

आणखी एक खुलासा येथे आवश्यक आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ मधील देवनागरी लिपीविषयक निर्णयात ल आणि श या अक्षरांची मराठी वळणे कोणती, हे सांगितले आहे. ही वळणे फॉन्टवर अवलंबून असतात. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल यांचा युनिकोड क्रमांक एकच आहे. त्यामुळे गाळणीला त्यांची चिंता करण्याचे कारण नाही.

विसर्ग, कोलन आणि दंड

‘दुःख’ या शब्दातील विसर्ग हे अक्षराचे अंग आहे. परंतु कळफलकावर विसर्ग चटकन सापडत नाही म्हणून अनेक जण तेथे इंग्रजी कोलन देतात. पडद्यावर दोन ठिपके दिसतात, काम भागते. विरामचिन्हे काढणारी गाळणी मात्र कोलन उचलते आणि ‘दुख’ उरते. ‘अंतःकरण’ ‘अंतकरण’ होते.

शब्दाच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर किंवा स्वरचिन्ह असताना मोकळी जागा न सोडता आलेला कोलन हा बहुधा विसर्गच असतो. तो गाळण्याआधी बदलून घ्यावा. दोन्ही बाजूंना अंक असतील, तर ती ‘१०:३०’ अशी वेळ असू शकते, म्हणून अंकांना हा नियम लावू नये. शब्दाच्या शेवटी निर्णय कठीण होतो. ‘स्वत:’ येथे विसर्ग अभिप्रेत आहे, ‘विषय:’ येथे विरामचिन्ह. त्यासाठी स्वतः, विशेषतः, अंशतः, मुख्यतः, प्रायः अशा शब्दांची छोटी यादी देणे हाच सरळ मार्ग होय.

अभंग, ओव्या व श्लोकांच्या मजकुरात एकेरी व दुहेरी दंड येतात. ते विरामचिन्हांच्या वर्गात मोडतात. अनेक भारतीय लिप्या ते वापरत असल्याने ‘देवनागरी’ या लिपीवर्गात पर्ल त्यांना पूर्वी धरत नसे. २०१७ मधील ५.२६ आवृत्तीपासून धरते. गाळायचे असतील, तर दंडांच्या जागी मोकळी जागा ठेवावी. नुसते काढून टाकले, तर एका चरणाचा शेवटचा शब्द पुढील चरणाला चिकटतो. अवग्रह हे चिन्ह दिसायला खुणेसारखे असले, तरी युनिकोडने त्याला अक्षर मानले आहे आणि ते सुरक्षित राहते.

पिन कोड आणि मराठी अंक

काळाचौकीचा पिन कोड ४०००३३. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. मराठी यादीत हा क्रमांक कोणी देवनागरी अंकांत लिहितो, कोणी इंग्रजी. उलगडलेल्या मजकुरात पर्लचा बॅकस्लॅश-डी हा अंकांचा साचा दोन्ही स्वीकारतो, त्यामुळे ‘सहा अंक आहेत का’ या तपासणीत दोन्ही उत्तीर्ण होतात. पण बेरीज किंवा तुलना करताना पर्लला फक्त इंग्रजी अंकांचे मूल्य कळते. देवनागरीतील ४०००३३ त्याच्या हिशेबी शून्य ठरते. तपासणीत पास आणि हिशेबात नापास, अशी ही विचित्र स्थिती आहे.

यासाठी पर्लमधील टीआर या अदलाबदलीच्या क्रियेने ० ते ९ हे दहा अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत आणि मगच तपासणी करावी. केवळ इंग्रजी अंकच स्वीकारायचे असतील, तर २०११ मधील ५.१४ आवृत्तीपासून साच्याच्या शेवटी ‘ए’ हे अक्षर जोडण्याची सोय आहे.

पर्लची स्वतःची चिन्हे

आतापर्यंत मराठीच्या दृष्टीने विशेष असलेल्या चिन्हांचा विचार झाला. काही चिन्हे पर्लच्या दृष्टीने विशेष असतात. टिंब, तारा, अधिक, प्रश्नचिन्ह, सर्व प्रकारचे कंस, उभी रेघ, डॉलर, कॅरेट आणि बॅकस्लॅश यांना शोधसाच्यात वेगळा अर्थ आहे. टिंब म्हणजे ‘कोणतेही एक चिन्ह’. वाचकाने ‘वि.वा.’ असे शोधले आणि ते तसेच साच्यात घातले, तर टिंबाच्या जागी दुसरे काहीही असलेल्या नोंदीही सापडतात. ‘काळाचौकी (पूर्व’ असा अर्धवट कंस आला, तर आज्ञावली तेथेच थांबते.

म्हणून बाहेरून आलेला शब्द साच्यात घालण्यापूर्वी क्वोटमेटा या क्रियेतून काढावा, किंवा साच्यात त्याच्या आधी बॅकस्लॅश-क्यू व नंतर बॅकस्लॅश-ई लिहावे. अशा वेळी ती चिन्हे आपला विशेष अर्थ सोडून साधी चिन्हे म्हणून वागतात. संकेतस्थळावर दाखवायच्या मजकुरातील कोनी कंसांबाबतही हेच तत्त्व पाळावे. ते साठवतानाच गाळून टाकण्यापेक्षा दाखवण्याच्या क्षणी निरुपद्रवी रूपात बदलणे चांगले. सुरक्षितता साधते आणि मूळ मजकूरही शाबूत राहतो.

जुन्या फॉन्टमधील मजकूर

२००० च्या दशकात मराठी संकेतस्थळे पाहताना आधी त्या त्या स्थळाचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे व चिन्हेच साठवली जात. फॉन्टच्या चष्म्यातून ती मराठी दिसत.

कार्यालयांतून खूप वापरल्या गेलेल्या क्रुती देव फॉन्टचे उदाहरण घेऊ. त्यात चौकोनी कंसाची डावी बाजू म्हणजे अर्धा ख, डावा महिरपी कंस म्हणजे अर्धा क्ष, एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श, दुहेरी म्हणजे अर्धा ष, टिंब म्हणजे अर्धा ण, प्रश्नचिन्ह म्हणजे अर्धा घ आणि अर्धविराम म्हणजे य. अशा फाइलवर विरामचिन्हे काढणारी गाळणी चालवली, तर ख, क्ष, श, ष, ण, घ आणि य ही अक्षरे एकाच वेळी मजकुरातून नाहीशी होतात. मूळ प्रत ठेवलेली नसेल, तर ती परत मिळवण्याचा मार्ग नाही. एवढी माहिती फाइलमध्ये उरलेलीच नसते.

तेव्हा जुना मजकूर हाती आला की प्रथम त्याचा फॉन्ट ओळखावा, त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि विरामचिन्हांना त्यानंतरच हात लावावा. रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असे. युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलट आहे.

कामाचा क्रम

वरील विवेचनाचा सारांश पुढील क्रमाने सांगता येईल.

१. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी आणि तिला हात लावू नये.

२. मजकूर युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये, हे निश्चित करावे. गरज असल्यास रूपांतर करावे.

३. बाइटांची चिन्हे करून घ्यावीत. क्रमांकांच्या रूपातील अक्षरेही उलगडावीत.

४. एनएफसी क्रिया करून आपली बदलयादी लावावी : ‘र, हलन्त, जोडक’ याचे ‘ऱ, हलन्त’, ॲ, आ, ओ, ॉ यांची एकच रूपे, शब्दामधील कोलनचा विसर्ग, अंकांचे एकसारखे रूप.

५. त्यानंतर विरामचिन्हे व अदृश्य कचरा गाळावा. ‘अक्षर’ आणि ‘खूण’ हे दोन्ही वर्ग पूर्णपणे राखावेत. गाळलेल्या विरामचिन्हाच्या जागी मोकळी जागा ठेवावी आणि शेवटी सलग मोकळ्या जागांची एक करावी.

६. रकान्याच्या रुंदीसाठी मजकूर तोडायचा असेल, तर चिन्हे मोजून तोडू नये. ‘काळाचौकी’ सातव्या चिन्हावर तोडले की ‘काळाचौक’ होते. पर्लमधील बॅकस्लॅश-कॅपिटल-एक्स हा साचा व्यंजन व त्यावरील खुणा एकत्र धरतो. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम मात्र युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या युनिकोडवर आधारलेल्या पर्लमध्ये ‘क्ष’चे दोन तुकडे पडू शकतात.

७. बाहेर पाठवताना यूटीएफ-८ मध्ये बांधणी करावी.

चाचणीसाठी कोणते शब्द निवडावेत, हेही महत्त्वाचे आहे. केवळ काळाचौकी, लालबाग, परळ यांवर समाधान मानू नये. मुंबई, चिंचपोकळी, अभ्युदयनगर, काळे, मोरे, कऱ्हाडे, आचाऱ्यास आणि आचार्यास, दुःख, ॲम्ब्युलन्स, वाक्‌प्रचार, देवनागरीतील ४०००३३ एवढे शब्द गाळणीतून घालावेत आणि आत गेलेले व बाहेर आलेले शेजारी ठेवून पाहावेत. हे शब्द शाबूत बाहेर आले, तर वर सांगितलेल्या बहुतेक चुका टळल्या असे समजण्यास हरकत नाही.

गाळलेली प्रत शोधण्यासाठी आणि जुळवणीसाठीच वापरावी. पत्रावर, ओळखपत्रावर किंवा सूचनाफलकावर छापताना माणसाने लिहून दिलेले नाव मूळ प्रतीतूनच घ्यावे. यंत्राला सोयीचे रूप यंत्रापुरते ठेवले, की काळे यांचे नाव काळेच राहते.